स्वस्ताईचे सौंदर्यशास्त्र

मराठी प्रवासलेखनात एक नवा नायक आता चांगलाच स्थिरावला आहे. त्याच्या पाठीवर एकच पिशवी असते, खिशात जेमतेम पैसे असतात आणि या दोन्ही गोष्टींचा त्याला विलक्षण अभिमान असतो. झेंडा धरलेल्या मार्गदर्शकामागून चालणाऱ्या सहलीतल्या मंडळींकडे तो तुच्छतेने पाहतो. ते 'पर्यटक', तो 'प्रवासी'. तो बँकॉकला जातो, खाओ सान रस्त्यावर आठ खाटांच्या खोलीत उतरतो, हातगाडीवर जेवतो, कालव्यातल्या होडीने फिरतो. आणि परतल्यावर लिहितो, की अमुक हजारांत मी 'खरे' बँकॉक पाहिले.

प्रस्तुत लेखाचा आक्षेप त्या हजारांच्या आकड्याला नसून 'खरे' या विशेषणाला आहे. कमी पैशांत हिंडणे ही व्यवहाराची बाब झाली. ज्याला ते जमते त्याचे कौतुकच करावे. परंतु खर्च कमी झाला म्हणून सत्य अधिक दिसले, हा निष्कर्ष त्या व्यवहारातून निघत नाही. तो एका विशिष्ट वाङ्मयीन परंपरेतून आलेला आहे, आणि आपण तो न तपासता उसना घेतला आहे.

या परंपरेची दंतकथा प्रसिद्ध आहे. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे दांपत्य लंडनहून आशिया ओलांडून 1972 च्या डिसेंबरात सिडनीला पोचले, तेव्हा त्यांच्याजवळ सत्तावीस सेंट उरले होते. 1973 साली त्यांनी या प्रवासावर एक पुस्तिका काढली, 'अक्रॉस एशिया ऑन द चीप'. 'स्वस्तात' हा शब्द असा पहिल्या दिवसापासून मुखपृष्ठावरच आहे. त्या पुस्तिकेतून 'लोनली प्लॅनेट' ही संस्था उभी राहिली आणि 2007 ते 2011 या काळात बीबीसीच्या व्यापारी शाखेने ती दोन टप्प्यांत सुमारे तेरा कोटी पौंडांना विकत घेतली. सत्तावीस सेंट आणि तेरा कोटी पौंड यांच्यामधल्या अंतरातच या अकिंचनतेचे मर्म आहे. ती पहिल्यापासून विक्रीयोग्य होती.

आता या परंपरेचे तीर्थक्षेत्र पाहू. थाई भाषेत 'खाओ सान' म्हणजे सडलेला तांदूळ. बांगलाम्फू भागातला हा लहानसा रस्ता पूर्वी तांदळाच्या व्यापारासाठी ओळखला जाई. 1980 नंतरच्या दशकात तिथे अतिथिगृहे वाढत गेली. अ‍ॅलेक्स गार्लंडची 'द बीच' (1996) ही कादंबरी याच रस्त्यावर सुरू होते. ज्या वृत्तीची त्या कादंबरीने चिरफाड केली, त्याच वृत्तीच्या वाचकांनी तिचा नकाशा म्हणून उपयोग केला, हा वाङ्मयाच्या इतिहासातला एक बोचरा विनोद आहे. पण माझा मुद्दा तांदळाचा आहे. थायलंडच्या ईशान्येकडील इसान प्रांत भातशेतीचा आणि गरिबीचा. तिथली माणसे अनेक पिढ्या पोटासाठी राजधानीत येत राहिली आहेत. बँकॉकमध्ये टॅक्सी चालवणाऱ्या, हातगाडीवर पपईचे तिखट कोशिंबीर कुटणाऱ्या, अंग रगडून देणाऱ्या माणसांत इसानचे लोक मोठ्या संख्येने आढळतात. ज्या रस्त्याचे नाव तांदळाचे, त्या रस्त्यावर तांदूळ पिकवणाऱ्यांची मुले पाठपिशवीवाल्यांची सेवा करतात. आमच्या प्रवासवर्णनांत ही माणसे असतात, पण त्यांची दोनच रूपे दिसतात: एक भाव सांगणारे, दुसरे हसणारे.

स्वस्ताई हा निसर्गाचा गुण नव्हे. ती कुणीतरी, कधीतरी घडवलेली असते. 2 जुलै 1997 रोजी थायलंडने डॉलरशी बांधलेला बाट मोकळा सोडला. तोवर डॉलरला सुमारे पंचवीस बाट मिळत. 1998 च्या जानेवारीत पन्नासहून अधिक मिळू लागले. बांधकामे थांबली, कारखाने बंद पडले, शहरात आलेले मजूर गावी परतले. डॉलर घेऊन येणाऱ्याला मात्र तेच शहर सहा महिन्यांत निम्म्या किमतीला मिळाले, आणि सरकारनेही त्याच सुमारास 'अमेझिंग थायलंड' ही पर्यटन-मोहीम जोरात चालवली. एका देशाची आपत्ती ही दुसऱ्याची 'पैसा वसूल' सहल ठरली. त्यानंतरचा हिशेबही पाहावा. 1 जानेवारी 2013 पासून थायलंडभर किमान वेतन दिवसाला 300 बाट झाले. बँकॉकमध्ये ते 400 बाट व्हायला 2025 चा जुलै उजाडला. बारा वर्षांत शंभर बाट. ज्या थाळीच्या स्वस्तपणाने आमचा नायक गहिवरतो, त्या थाळीची किंमत या वाक्यात दडलेली आहे. ती तो देत नाही. तव्यामागे उभी असलेली बाई देते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आमचा मराठी पाठपिशवीवाला काही डॉलरवाला नाही. एका बाटासाठी त्याला दोन रुपयांहून अधिक मोजावे लागतात. मध्यमवर्गातला, क्वचित त्याही खालचा मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या कमाईवर परदेश पाहते, ही केवढी मोठी गोष्ट! पूर्वी परदेश पाहून लिहिणे हा बहुधा सधनांचा, सरकारी पाहुण्यांचा आणि संमेलनांना बोलावल्या गेलेल्यांचा मान होता. स्वस्त प्रवासाने तो मोडला, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच तक्रार अधिक तीव्र आहे. ज्याचे पाकीट रुपयाचे, त्याची नजर डॉलरची का असावी?

या उसनवारीचे पुरावे शैलीत सापडतात. रत्नागिरीत वाढलेला लेखक बँकॉकच्या दमट उकाड्याचे वर्णन असे करतो, जणू त्याला घाम पहिल्यांदाच आला. नारळाची झाडे, मीठ-मिरची लावलेली कैरी, पाण्यातून चालणारा व्यापार, देवळासमोरच्या फुलांच्या माळा, हे सारे त्याला 'अद्भुत' वाटते. युरोपातून आलेल्याला ते वाटावे, हे समजू शकते. आपल्याला ओळखीचे वाटायला हवे होते. आणि त्या ओळखीतून फरक दिसायला हवा होता. उष्ण कटिबंधातल्या माणसाने उष्ण कटिबंधाला विदेशी म्हणावे, यापरती वाङ्मयीन पराधीनता कोणती?

दुसरा पुरावा अधिक जवळचा आहे. पुण्याच्या पेठांत स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी मुले 'कॉट बेसिस'वर राहतात. एका खोलीत पाच-सहा खाटा, सामाईक न्हाणीघर, खानावळीचा डबा, महिन्याकाठी मोजून मापून खर्च. बँकॉकच्या आठ खाटांच्या खोलीहून हे वेगळे नाही. पण पुण्यातल्या त्या खाटेवर 'साधेपणातले सौंदर्य' शोधणारा लेख मी वाचलेला नाही. तिथे ती गैरसोय असते, परदेशात तिचा 'अनुभव' होतो. फरक एवढाच, की पाठपिशवीवाल्याच्या गरिबीला परतीचे तिकीट जोडलेले असते. अशा गरिबीचा तमाशा कुठवर जातो, हे आग्नेय आशियातल्या शहरांनी पाहिले आहे. पुढच्या प्रवासासाठी पैसे द्या, अशी पाटी घेऊन पदपथावर बसलेले गोरे तरुण तिथे चेष्टेचा आणि संतापाचा विषय झाले.

खरे तर निर्धन प्रवासाचा उत्तम आदर्श मराठीच्या घरातच आहे. विष्णुभट गोडसे 1857 साली वरसईहून उत्तरेकडे निघाले, ते घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 साली छापून आला. त्यात पैसा जागोजागी आहे: मिळालेला, लपवलेला, लुटला गेलेला. पण दारिद्र्य हे तिथे प्रवासाचे कारण आहे, लेखकाच्या अंगावरचा अलंकार नव्हे. म्हणूनच झाशीच्या लोकांवर कोसळलेला अनर्थ त्यांना दिसतो. स्वतःच्या काटकसरीवर खूश असलेल्या माणसाला तो दिसला नसता.

मग बँकॉकमध्ये दिसण्याजोगे काय आहे? आपल्यासाठी पुष्कळच. या शहराच्या लांबलचक औपचारिक नावात अमर, रत्न, इंद्र आणि विश्वकर्मा आहेत. ते नाव थाई उच्चारात ऐकून उलगडण्याची संधी मराठी वाचकाला जितकी आहे, तितकी फार थोड्या परदेशीयांना असेल. खाओ सानपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर राजदरबारातील ब्राह्मणांचे देऊळ आहे, त्याला 'देवस्थान'च म्हणतात. समोर उंच लाल झोपाळ्याची चौकट, जिच्यावरचा विधी 1935 साली बंद पडला. आणि तशाच अंतरावर महाकान किल्ला, म्हणजे आपला 'महाकाळ'. त्याच्या भिंतीमागे लाकडी घरांची एक वस्ती होती. ऐतिहासिक परिसर सुशोभित करण्यासाठी ती हटवण्याचे ठरले. रहिवासी सुमारे पाव शतक झगडले. बागेची देखभाल आम्हीच करतो, असा प्रस्तावही त्यांनी दिला. मायकेल हर्झफेल्ड या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्या लढ्यावर 2016 साली ग्रंथ लिहिला. 2018 साली वस्ती नामशेष झाली. तिथे आता हिरवळ आहे. त्याच वर्षी खाओ सानच्या पदपथांवरून विक्रेत्यांना हटवण्याचा महापालिकेचा आदेश निघाला आणि विक्रेते त्याविरुद्ध उभे राहिले. ज्यांच्या जिवावर हा रस्ता 'स्वस्त आणि मस्त' झाला, त्यांच्याच उभे राहण्याच्या जागेचा हा प्रश्न होता. हे जाणून घ्यायला पैसे लागत नाहीत, कुतूहल लागते. आणि थोडी आगाऊ तयारी.

तेव्हा मागणी साधी आहे. स्वस्तात जरूर हिंडावे. पण थाळीचा भाव लिहिताना ती रांधणारीची मजुरीही लिहावी. घासाघीस करून वीस बाट वाचवल्याचा प्रसंग रंगवायचा असेल, तर ते कुणाचे गेले तेही सांगावे. दिवाळी अंकांच्या संपादकांनी 'इतक्या हजारांत अमुक देश' या मथळ्याचा लेख परत पाठवावा आणि विचारावे, की उरलेले पैसे कुणी भरले? आणि प्रवासवर्णन शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी वर्गात हाच प्रश्न प्रत्येक पाठ्यपुस्तकाला लावून पाहावा. काही थोर नावे त्यात अडचणीत येतील, येऊ द्यावीत.