महागाईचे मूळ : पाटात की चारीत?



भाव चढले की एकच निदान कानी येते. बाजारात पैसा फार झाला. कर्ज महाग करा, निर्यात रोखा. पैशाचाही वाटा असतो, हे कोण नाकारील? पण सगळे खापर पैशावर फोडले की आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी अशी गत होते.

याचा धडा चिली देशाने दिला. तेथे 1955 या एका वर्षात भाव 80 टक्क्यांहून अधिक वाढले. सरकारने अमेरिकेतून सल्लागार आणले. पतपुरवठा आवळला, पगारवाढीला चाप लावला. महागाई उतरली खरी. पण उद्योग मंदावले, बेकारी वाढली, आणि दोन-तीन वर्षांत भावांनी पुन्हा डोके वर काढले.

असे का झाले? मेक्सिकोचे अर्थतज्ज्ञ हुआन नोयोला यांनी 1956 साली आणि चिलीचे ओस्वाल्दो सुंकेल यांनी 1958 साली याचे उत्तर मांडले. शहरे वाढली, खाणारी तोंडे वाढली. पण बरीचशी जमीन मोठ्या जमीनदारांच्या हाती अडकलेली, त्यामुळे धान्य वाढेना. परकीय चलन मुख्यतः तांब्यावर. तांबे पडले की आयात महाग. मूळ दुखणे हे. पगार, भाव आणि नोटा मग एकमेकांमागे धावतात; ते आगीला वारा घालतात, ठिणगी दुसरीकडेच असते. या विचाराला रचनावाद म्हणतात.

आपल्या भाषेत सांगायचे तर, चारी गाळाने भरलेली असताना पाटाला पाणी सोडले की ते वरच्या अंगालाच फुटते. दार बंद केले तर फुटणे थांबेल, पण शेवटच्या शेतकऱ्याचे रान कोरडेच राहील. खरे काम गाळ काढण्याचे.

म्हणून दार सताड उघडे ठेवावे, असेही नव्हे. त्याच चिलीत 1970 ते 1973 या काळात पगार आणि नोटा भरमसाट वाढल्या, भाव मात्र हुकुमाने बांधले. दुकाने रिकामी पडली आणि महागाई शेकडो टक्क्यांवर गेली. गाळ न काढता पाणी वाढवले की बांध फुटतोच.

आता आपल्या दारात पाहू. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. तरी जुलै 2023 मध्ये अन्नधान्य व भाजीपाल्याची महागाई 11 टक्क्यांच्या वर गेली, टोमॅटो तर हाताला लागेना. व्याज वाढले म्हणून टोमॅटोचे झाड लवकर फळत नाही, हे कोणीही शेतकरी सांगेल! पुढे डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आले. ग्राहकाला स्वस्त मिळावे, हा हेतू वाईट नाही. पण दर वेळी भार उत्पादकावरच टाकला, तर पुढच्या हंगामात पेरणार कोण? आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

तेव्हा उसाला वाजवी दर मागताना आपण आणखी काही मागितले पाहिजे : वेळेवर पाण्याची पाळी, गावोगाव गोदामे व शीतगृहे, नाशवंत माल लवकर पोचवणारे रस्ते, आणि कडधान्य-तेलबियांना खात्रीचा खरेदी दर. देश डाळ आणि खाद्यतेल परदेशातून आणतो, तोवर बाहेरची भाववाढ आपल्या फोडणीत येणारच.

काही काम आपल्याही हातचे आहे. ठिबकने वाचलेले पाणी कोरडवाहू शेजाऱ्याला मिळू शकते. आडसाली उसात भुईमूग वा सोयाबीन, पूर्वहंगामी उसात हरभरा घेता येतो. महागाईशी लढाई मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांत होते तशी ती सरीत आणि वरंब्यावरही होते. येत्या वार्षिक सभेत दराच्या ठरावाबरोबर पाण्याचा आणि गोदामाचा ठरावही मांडला जावा, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे.