न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे

आपल्या शाळेच्या कार्यालयात कधी डोकावून पाहा. जनरल रजिस्टर अजूनही जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत कपाटात बसलेले दिसेल; पण निकालपत्रके, हजेरी, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे आणि विज्ञान प्रदर्शनाचे अहवाल आता संगणकात गेले आहेत. संगणकाशेजारी वहीएवढीही नसलेली एक काळी पेटी असते. ती बाह्य हार्ड डिस्क. "बॅकअप आहे ना?" असे कोणी विचारले, की त्या पेटीकडे बोट दाखवून उत्तर मिळते, "आहे की!"

माझे म्हणणे असे, की हे उत्तर पुरेसे नाही. पेटी जोडलेली असणे, तिच्यात प्रत उतरणे आणि ती प्रत परत वाचता येणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी गोष्ट ज्याने करून पाहिली नाही, त्याच्याजवळ राखीव प्रत नाही. राखीव प्रत आहे असा केवळ समज आहे. विज्ञान शिकणाऱ्याने समज आणि पुरावा यांतला फरक ओळखलाच पाहिजे.

प्रतींचे महत्त्व आपल्या परिसराला नवे नाही. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) बारामतीत राहून केलेल्या आर्या आज आपण वाचतो, कारण त्या एकाच पोथीत अडकून पडल्या नाहीत. लोकांनी त्या उतरवून घेतल्या, कीर्तनकारांनी पाठ केल्या आणि पुढे त्या छापल्या गेल्या. इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव उजनीच्या जलाशयात गेले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले, की तिथले पुरातन देऊळ वर डोकावते. ते गाव बुडाले, पण पाणी चढणार हे आधी ठाऊक असल्याने माणसे आणि चीजवस्तू हलवता आल्या. हार्ड डिस्क मात्र दवंडी पिटून बुडत नाही.

त्याहून वाईट म्हणजे, प्रत उतरणे थांबले तरी ते पुष्कळदा कोणाच्या लक्षात येत नाही. दिवा गेला तर अंधार पडतो. बॅकअप बंद पडला तर काहीच घडत नाही. संगणक चालू, पेटीवरचा दिवाही चालू! ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणकक्षेत्रातल्या नामांकित कंपनीत एका कर्मचाऱ्याकडून चालू माहितीसाठा चुकून पुसला गेला. नेहमीच्या राखीव प्रती शोधल्या, तर ती जागा रिकामी! प्रत उतरवणारी आज्ञावली जुन्या आवृत्तीची असल्याने दरवेळी अपयशी ठरत होती, आणि तसा इशारा देणारी पत्रे कोणापर्यंत पोहोचतच नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक वेगळी प्रत सापडली, म्हणून नुकसान तेवढ्यावर भागले. जिथे सगळेच तज्ज्ञ, तिथे ही गत. मग आपण किती जागरूक असायला हवे!

आता समजा, शाळेच्या संगणकाने "बॅकअप पूर्ण झाला नाही" असे सांगितले. पुष्कळांची पहिली सूचना असते, "फॉरमॅट मारा." हा सल्ला म्हणजे ताप आला म्हणून रोग्यालाच हलवून टाकण्यासारखा आहे. फॉरमॅट केल्यावर त्या डिस्कवरच्या जुन्या प्रतीही हाती राहत नाहीत. म्हणून पहिला नियम हा, की संगणकातले महत्त्वाचे काम आधी दुसऱ्या एखाद्या साधनावर उतरवून घ्यावे. दुसरा नियम प्रयोगशाळेतलाच: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय घडले ते वहीत लिहावे. वायर, संगणक आणि डिस्क तिन्ही एकदम बदलली, तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही.

सुरुवात सोप्या शक्यतांपासून करावी. डिस्क भरली आहे का? प्रती साठत जातात आणि एक दिवस जागा संपते. नाव बदलले आहे का? विंडोज प्रणाली प्रत्येक डिस्कला एक इंग्रजी अक्षर देते. बॅकअपला 'ई'वर लिहायला सांगितलेले असते. कोणी आधी पेनड्राइव्ह लावला, की 'ई' त्याला मिळते आणि आपली डिस्क 'एफ' होते. घराचा क्रमांक बदलल्यावर पोस्टमनची जी अडचण, तीच इथे. डिस्कला कायमचे एक अक्षर नेमून दिले, की प्रश्न मिटतो.

लहान फायली उतरतात, पण एखादी मोठी चित्रफीत अडते, असे झाले तर गणिताची मदत घ्या. फॅट-३२ या मांडणीत फायलीचा आकार ३२ द्विमान अंकांत लिहितात. दोनाचा बत्तिसावा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. त्याहून एक बाइट कमी, म्हणजे सुमारे ४ जीबी, ही एका फायलीची कमाल मर्यादा. डिस्कवर कितीही जागा असो, याहून मोठी फाइल तिथे मावणार नाही. डिस्क बिघडलेली नाही; तिची मांडणी जुनी आहे. मांडणी बदलण्यापूर्वी आतला मजकूर मात्र दुसरीकडे हलवावा.

डिस्क मध्येच दिसते आणि मध्येच नाहीशी होते, हे लक्षण असेल तर ओहमचा नियम आठवा. खिशात मावणाऱ्या डिस्कला वीज यूएसबीच्या वायरीतूनच मिळते. जुन्या यूएसबी २ खोबणीतून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ मधून ९०० मिलिअँपिअर इतका प्रवाह ठरवून दिलेला आहे. चकती फिरायला लागताना मोटरला सर्वांत जास्त प्रवाह लागतो. बारीक, लांब किंवा झिजलेल्या वायरीचा रोध अर्धा ओहम धरा आणि प्रवाह एक अँपिअर. मग वायरीतच अर्धा व्होल्ट खर्ची पडतो आणि डिस्कपर्यंत साडेचारच व्होल्ट पोहोचतात. आखूड, चांगली वायर लावा, डिस्क संगणकाच्या मागच्या खोबणीत थेट जोडा आणि पुन्हा पाहा. कित्येकदा 'मेलेली' डिस्क एवढ्यानेच उठून बसते.

पण आतून टक्-टक् असा ठराविक आवाज येत असेल, तर तिथेच थांबा. आतली चकती मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. धुळीचा एक कणही या अंतराच्या मानाने डोंगर ठरतो. अशी डिस्क घरी उघडू नये, पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये, जाणकाराकडे द्यावी.

दोष सापडला, बॅकअप सुरू झाला, म्हणजे काम संपले का? नाही. माझी शिक्षकांना आणि तुम्हाला सूचना आहे, की प्रत्येक शाळेने महिन्यातला एक दिवस 'परतवाचना'साठी ठेवावा. बॅकअपमधून कोणत्याही पाच फायली परत काढाव्यात, उघडाव्यात, मूळ फायलींशी ताडून पाहाव्यात आणि तारखेसह नोंद करावी. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी हजाराहून अधिक हस्तलिखिते अशीच एकमेकांशी ताडली गेली. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. आपल्याला तर अर्धा तास पुरेल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, "कार्यालयाची कागदपत्रे मुलांच्या हाती कशी द्यावीत?" देऊच नयेत. गुणांच्या आणि जन्मतारखांच्या नोंदी कार्यालयाने स्वतः तपासाव्यात. विद्यार्थ्यांनी आपले प्रकल्प आणि प्रयोगांच्या नोंदी यांवर सराव करावा. दुसरा आक्षेप, "आता सारे इंटरनेटवर ठेवता येते, डिस्क हवी कशाला?" इंटरनेटवरची साठवण उपयोगी आहेच, कारण ती दुसऱ्या जागी असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात पाणी शिरले, तेव्हा एकाच वाड्यात ठेवलेले कागद मूळ आणि नक्कल असा भेद न होता भिजले. पण जी सोय संगणकातला प्रत्येक बदल जसाच्या तसा वर पाठवते, ती आपण चुकून पुसलेलेही वर पुसू शकते. म्हणून एक प्रत जवळ, एक दूर, आणि दोन्ही तपासलेल्या, हेच शहाणपणाचे.

डिस्क विकत मिळते. तपासण्याची सवय विकत मिळत नाही. दहावीनंतर दहा वर्षांनी कोणी विद्यार्थी जुन्या निकालाची प्रत मागायला येईल, तेव्हा त्याच्या उपयोगी ती काळी पेटी पडणार नाही, तर कोणीतरी दर महिन्याला नियमाने केलेली ती अर्ध्या तासाची तपासणी पडेल. उद्या शाळेत गेल्यावर आपल्या शिक्षकांना एवढेच विचारा: आपल्या बॅकअपमधून शेवटची फाइल परत काढून कधी पाहिली होती? उत्तरादाखल तारीख सांगता आली नाही, तर तपासणीची पहिली तारीख तुम्हीच ठरवा.