पुस्तक घरीं, नांव सूचींत

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववींतील एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली व म्हणाली, "सर, माझ्या आजीचें गांव मुळा धरणाच्या पाण्याखालीं गेलें. त्या गांवाविषयीं कांहीं लिहिलेलें असेल काय?" इतिहासाच्या प्रकल्पाकरितां तिला तें हवें होतें, परंतु प्रकल्प हें निमित्त असून आजीस तें वाचून दाखवावें ही तिची खरी इच्छा आहे, हें माझ्या ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं. फोनवर तिनें पुष्कळ शोध केला होता. धरणाची उंची, पाण्याचा सांठा, जलाशयाचीं छायाचित्रें, एवढें सारें तिला मिळालें. गांव मात्र मिळालें नाहीं.

तिचा प्रश्न ऐकून मी क्षणभर गप्प राहिलों. कारण तसें एक पुस्तक मला ठाऊक होतें, आणि तें एके काळीं आमच्याच घरीं होतें. माझे आजोबा नेवासें तालुक्यांत मिशनच्या शाळेवर शिक्षक होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटींत ज्ञानोदयाचे बांधून घेतलेले अंक, गायनाचीं पुस्तकें, व प्राथमिक शाळांकरितां छापलेलें नगर जिल्ह्याच्या भूगोलाचें एक पातळ पुस्तक होतें. त्या भूगोलांत तालुकावार गांवें, ओढे-नाले, आणि कोणत्या गांवीं कोणत्या वारीं बाजार भरतो, हें दिलेलें होतें. अकरा वर्षांपूर्वीं घर बदलतांना ती पेटी मीं रद्दीवाल्यास वजनावर दिली. पुस्तकांस वाळवी लागूं लागली होती, नव्या घरांत जागा नव्हती. आणि पदवीधर माणसानें जो विचार करूं नये तो मीं केला कीं, हीं पुस्तकें दुसरीकडे कोठें तरी असतीलच.

तीं कोठें आहेत हें पाहण्यास आम्ही ग्रंथालयांत संगणकापुढें बसलों.

पुष्कळ पालकांची अशी समजूत झाली आहे कीं, आतां सर्व कांहीं फोनमध्यें असतें, तेव्हां ग्रंथालयाच्या कॅटलॉगाचें काम संपलें. ही समजूत मला मान्य नाहीं. फोनमध्यें कोणीं तरी जें घातलें असेल तेंच सांपडतें, आणि जुनीं मराठी पुस्तकें पुष्कळशीं अजून कपाटांतच आहेत. तीं कोणत्या कपाटांत आहेत तें सांगणें हें सूचीचें काम. माझ्या वयाच्या वाचकांनीं लांकडी खणांतील पत्त्यांमधून बोटें फिरवून हा शोध केलेला आहे. आज तोच पत्ता पडद्यावर येतो, आणि एका जागीं बसून शेंकडों ग्रंथालयांचे खण उघडतां येतात, एवढाच काय तो फरक. आमच्या शाळेची सूची 'कोहा' नांवाच्या प्रणालीवर चालते. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयासाठीं ती तयार झाली व २००० सालीं सर्वांस विनामूल्य खुली करण्यांत आली. माओरी भाषेंत 'कोहा' म्हणजे देणगी. पैसा नाहीं म्हणून सूची नाहीं, असें म्हणणाऱ्या शाळांनीं हें ऐकून ठेवावें.

येथें मुलांनीं एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. सूची ही प्रामाणिक असली तरी मोठी हट्टी असते. आपण जीं अक्षरें देऊं तींच ती शोधते. आपल्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. त्यापूर्वींच्या पुस्तकांवर अहमदनगर आहे. त्यांतहि १८८४ सालच्या सरकारी गॅझेटियरांत हें नांव इंग्रजींत लिहितांना 'म' नंतर 'ए' हें अक्षर घातलें आहे, आणि पुढें रूढ झालेल्या लिखाणांत तेथें 'ई' आहे. एकाच शहरास अशीं तीन दारें झालीं, आणि एकाच दारावर थाप मारणारा विद्यार्थी रिकाम्या हातीं परत फिरतो. अमेरिकेंतील ग्रंथालयें मराठी नांवें रोमन लिपींत लिहितांना शेवटचा 'अ' देखील लिहितात. त्यामुळें 'स्मृतिचित्रें' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचें आडनांव तेथें 'टिळका' असें वाचावें लागतें. १८४२ सालीं याच नगरांत सुरू झालेला 'ज्ञानोदय' आपण इंग्रजींत 'डी' पासून लिहितों, तीं ग्रंथालयें 'जे' पासून लिहितात. ज्यास हें ठाऊक नाहीं तो खुशाल म्हणेल कीं ज्ञानोदय कोठेंच नाहीं! म्हणून नांवानें न सांपडलें तर ग्रंथकारानें शोधावें, त्यानेंहि न सांपडलें तर विषयानें. आणि जवळचें एखादें पुस्तक सांपडलें कीं त्याच्या नोंदींतील विषयाच्या शब्दावर टिचकी मारून त्याचीं भावंडें पाहावींत. शब्दकोश पाहण्यास आपण मुलांस शिकवितों. सूची पाहण्यास कोणीच शिकवीत नाहीं, ही आम्हां शिक्षकांची चूक आहे.

आपल्या भाषेंत संगणकावांचून हें काम करणारा एक पुरुष होऊन गेला. शंकर गणेश दाते यांनीं ठिकठिकाणच्या ग्रंथालयांतून हिंडून १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची सूची तयार केली. ती १९४३ सालीं प्रसिद्ध झाली. अशा सूचीवरून पुस्तक छापलें गेलें होतें हें कळतें. आज तें कोठें मिळेल हें कळण्यास अनेक ग्रंथालयांची सामाईक सूची लागते. अमेरिकेंत ओहायो राज्यांतील महाविद्यालयांनीं १९६७ सालीं तशा सहकाराचा आरंभ केला, आणि त्यांतून आजची 'वर्ल्डकॅट' वाढली. आमचें पुस्तक तिच्यांत सांपडलें. जिल्ह्यांतील ज्या ज्या सूची आम्हांस पाहतां आल्या त्यांत तें नव्हतें. होतें तें समुद्रापलीकडील एका विद्यापीठांत. येथें काम केलेल्या कोणा मिशनऱ्यानें तें मायदेशीं नेलें असावें, असा माझा तर्क आहे.

त्या ग्रंथालयाच्या पानावर ग्रंथपालास प्रश्न विचारण्याची सोय होती. मुलीनें पत्र लिहिलें. इंग्रजी तिचें, दोन ठिकाणीं दुरुस्ती माझी. नवव्या दिवशीं राहुरी तालुक्याच्या दोन पानांचीं छायाचित्रें आलीं. त्यांत गांवाचें नांव होतें, व पुढें 'बाजार शुक्रवार' असे दोन शब्द. आजीबाईंस वाचून दाखवितांच त्या म्हणाल्या, "शुक्रवार कशाचा? आमचा बाजार बुधवारचा. लिहिणारा आला होता का कधीं आमच्या गांवाला?" छापील पुस्तकाची अशी परीक्षा घेणारा परीक्षक माझ्या पाहण्यांत दुसरा नाहीं. तरी त्या दिवशीं त्यांनीं नातीकडून तीं दोन पानें तीन वेळां वाचवून घेतलीं.

सूचींतील प्रत्येक नोंदीस स्वतःचा एक पत्ता असतो. तो पाठविला कीं पाहणारा थेट त्याच नोंदीवर पोहोंचतो. मुलीनें तो पत्ता वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. आपल्याला मिळालें तें दुसऱ्यालाहि मिळावें, एवढाच तिचा हेतु. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एका पालकांचा संदेश आला: "हें पुस्तक आमच्या घरीं आहे." त्यांचें घर शाळेपासून बारा किलोमीटरांवर आहे.

काखेंत कळसा आणि गांवास वळसा, ही म्हण मीं मुलांस कितीतरी वेळां शिकविली असेल. ती माझ्यावरच अशी उलटेल असें वाटलें नव्हतें. परंतु दोष त्या पालकांचा नव्हे. त्यांच्या पुस्तकाचें नांव कोणत्याच यादींत नव्हतें, तें आम्हांस कळावें कसें?

म्हणून माझी पालकांस विनंती आहे कीं, घरांतील जुन्या पुस्तकांचीं नांवें शाळेच्या सूचींत येऊं द्यावींत. पुस्तक एकदां परक्याच्या हातीं गेलें कीं गेलें, ही भीति मला ठाऊक आहे, आणि ती खोटी नाहीं. पण मी पुस्तक मागत नाहीं, नांव मागतों. पुस्तक घरींच राहील. मुखपृष्ठाचें छायाचित्र पाठवावें. नोंदींत 'खासगी संग्रह, शाळेमार्फत विचारावें' एवढेंच लिहिलें जाईल, मालकाचें नांव दिसणार नाहीं. पुस्तक दाखवावें कीं नाहीं हें मालकानें ठरवावें. तसेंच, हयात लेखकांचीं अख्खीं पुस्तकें फोनवरून एकमेकांस पाठविण्याची जी चाल पडली आहे तिला मी वाटून घेणें म्हणत नाहीं. कायद्यानें लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें त्याच्या वारसांचा हक्क राहतो. नोंदीचा पत्ता मात्र कोणीहि कोणासहि पाठवावा.

अशीं पुस्तकें ख्रिस्ती घरांतच असतात असेंहि कोणी समजूं नये. वारकरी घरांतील पोथ्या, वगाच्या वह्या, प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे आरंभीचे अहवाल, आजोबांच्या वेळच्या शेतकी पुस्तिका, हें सर्व नोंदण्यासारखें आहे. कोणतें महत्त्वाचें व कोणतें नाहीं हें आधीं ठरवूं नये. मीं तें ठरविलें, आणि पेटी वजनावर गेली.

शनिवारीं दुपारीं दोन ते चार मी ग्रंथालयांत बसतों. आजपर्यंत सतरा घरांतून त्रेचाळीस पुस्तकांचीं नांवें आलीं आहेत. तें भूगोलाचें पुस्तक मात्र अद्यापि नोंदलेलें नाहीं. त्या पालकांनीं थोडा अवधि मागितला आहे. त्यांस वडील बंधूंचा विचार घ्यावयाचा आहे, आणि ते मे महिन्यांत गांवीं येणार आहेत.