काचपेटीतील प्रकाशाची तजवीज
उजनीच्या विस्तीर्ण जलाशयापासून फार दूर नसलेल्या जेऊरसारख्या गावी, ज्या घरांत हौसेने मत्स्यपेटी बाळगली जाते, तेथे चोकसह सुमारे ५० वॅट वीज घेणारी जुनी ट्यूब अद्याप चालू ठेवणे मला सर्वथा गैरवाजवी वाटते. कारण २० वॅटची एलईडी पट्टी, आपला प्रकाश चोहोकडे न उधळता थेट खाली टाकीत असल्याने, पाण्यात जवळजवळ तितकाच उजेड पोचविते, आणि रोज आठ तासांच्या हिशेबाने वर्षाकाठी सुमारे ८८ युनिटे वाचविते. मात्र या बचतीच्या भरात प्रकाश बेसुमार वाढवू नये, कारण त्याने शेवाळ माजते आणि आडोसा नसलेले मासे भयग्रस्त होतात. पाणवनस्पती असल्यास ६५०० केल्विनच्या आसपासचा शुभ्र प्रकाश निवडावा, आणि माशांनाही विश्रांती आवश्यक असल्याने रात्री तो नेमाने मालवावा.