दूरचिकित्सा : सवलत नव्हे, हक्क

वाचकहो, २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. आगगाड्या थांबल्या, एस. टी. थांबली, परंतु टाळेबंदीने मधुमेह थांबत नाही आणि संचारबंदीने रक्तदाब उतरत नाही. रोजची गोळी संपल्यावर जावे कोठे, हा प्रश्न असंख्य घरांत उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये १५५ देशांची पाहणी केली, तेव्हा ५३ टक्के देशांत उच्च रक्तदाबाचे व ४९ टक्के देशांत मधुमेहाचे उपचार अंशतः वा पूर्णतः खंडित झाल्याचे आढळले.

त्याच २५ मार्चला दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. तोवर कायद्याची स्थिती संदिग्ध होती. २०१८ साली रत्नागिरीच्या एका प्रकरणात, रुग्णास न पाहता दूरध्वनीवरून उपचार सांगितल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरांना मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला होता आणि वैद्यकीय व्यवसायात धास्ती पसरली होती. नव्या तत्त्वांनी ती संदिग्धता दूर केली. आधी तपासलेल्या रुग्णाची चालू औषधे दुरून पुन्हा लिहून देण्यास मुभा मिळाली. त्याचबरोबर नोंदी ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर आले. १३ एप्रिल २०२० पासून ई-संजीवनी ही शासकीय सेवा घरबसल्या विनामूल्य सल्ला देऊ लागली. हे सर्व स्वागतार्हच होय.

परंतु ज्याच्या हाती यंत्र, त्यालाच वैद्य, असा हा न्याय होता कामा नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांपाशीच स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. उरलेल्यांनी आपले दुखणे कोणाच्या परवानगीने सांगावे? शिवाय मधुमेह्याच्या बधिर तळपायाची जखम दूरध्वनीला दिसत नाही. रक्तदाब मोजण्यास दंडाला पट्टा बांधावाच लागतो. म्हणून आरोग्यसेविकेने रक्तदाबाचे यंत्र व दूरध्वनी घेऊन रुग्णाच्या दारी जावे, तेथून डॉक्टरांशी बोलणे करून द्यावे आणि औषधही पोहोचवावे. आरोग्यसेवकाच्या मदतीने सल्ला घेण्याची तरतूद त्या तत्त्वांत आहेच. उणीव आहे ती अंमलाची.

येथे पैशाची सबब चालणार नाही. पश्चिम बंगालच्या शेतमजुरांच्या संघटनेने नेलेल्या दाव्यात, १९९६ साली, सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, शासकीय रुग्णालयाने निकडीचे उपचार वेळेवर न देणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाचा भंग आहे आणि निधीच्या टंचाईने ते कर्तव्य टळत नाही. तो निर्णय तातडीच्या उपचारांविषयी होता, हे खरे. परंतु इन्सुलिनवाचून राहिलेल्या रुग्णाची निकड किती दिवस दूर असते?

म्हणून वाचकहो, सल्ला दुरून घ्याल तेव्हा औषधपत्र मागा, त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे की नाही ते पाहा आणि शंका येताच प्रत्यक्ष तपासणीचा आग्रह धरा. साथ ओसरली, तरी दीर्घ आजार ओसरत नाहीत. पुढील साथीची वाट न पाहता आपल्या उपकेंद्रात ही व्यवस्था आहे काय, याची विचारणा ग्रामसभेत करा. जो हक्क मागितला जात नाही, तो कागदावरच राहतो.