एसीत बसून कसला आलाय थकवा?

"एसीत बसून कसला आलाय थकवा? तुझ्या आज्याने गिरणीत उभं राहून जन्म काढला." दाजींनी भाच्याला सुनावले तेव्हा मीही मान डोलावली होती. हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी, घराण्यातला पहिला इंजिनिअर. दीड वर्षात त्याचा कामातला रस उडाला. रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा यायचा, झोप नाही. आम्ही रक्त तपासले, बी-12च्या गोळ्या दिल्या. ऑफिसबद्दल मात्र कुणी विचारले नाही.

विचारले तेव्हा कळले. ग्राहक अमेरिकेचा. त्यांची सकाळ म्हणजे आपली रात्र, म्हणून मीटिंग अकराला; आणि इथली हजेरी सकाळी साडेनऊला आहेच. तीन आठवडे खपून लिहिलेला कोड एका मेलने रद्द झाला, कारण कुणी सांगितले नाही. बिघाड झाला की नाव याचे, चालले की मॅनेजरचे. "आणि मामा, चहाला गेलं की विचारतात, तुझं ॲडमिशन कुठल्या कोट्यातून?" अशा जागी माणूस मन लावून काम कसे करील?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी सुमारे 200 इंजिनिअर आणि अकाउंटंटच्या मुलाखती घेऊन 1959 साली मांडले, की पगार, वरिष्ठांची वागणूक, नियम वाईट असले तर माणूस नाराज होतो. पण उमेद येते ती काम तडीस गेल्याच्या समाधानातून, कौतुकातून, जबाबदारीतून. पगाराचे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटत नाही. पहिल्या पिढीच्या घरात गृहकर्जाचा हप्ता त्यावरच असतो, आणि त्या हप्त्यामुळेच पोरे सोसत राहतात. पण फ्रायडेला पिझ्झा आणि टेबल टेनिस देऊन उमेद येत नाही, हे मात्र खरे.

हा आळस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआउट'ची नोंद कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली. आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, 35-40 तास करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी अधिक, असे तिच्याच 2021च्या अहवालात आहे. बाबासाहेब मजूरमंत्री होते त्या काळात, 1946 साली, कारखान्यांचे तास आठवड्याला 54 वरून 48 करण्याचा कायदा झाला. त्या गिरणीतल्या आज्याला ते तास मिळाले. नातू लॅपटॉप घरी आणून ते परत देतोय.

तेव्हा घरच्यांनी आधी विचारावे: किती वाजता झोपलास, वरचा कसा बोलतो, केलेले काम कुणी पाहिले का? झोप, भूक महिनाभर बिघडलेली असेल तर डॉक्टर गाठावा. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

भाच्याने कंपनी सोडली नाही, टीम बदलून घेतली. पगार तोच. नवी टीमप्रमुख बाई रात्रीची मीटिंग पाळीने वाटते आणि याचे काम याच्याच तोंडून ग्राहकाला सांगायला लावते. परवा घरी आला तेव्हा त्याने लॅपटॉप उघडून आपण बनवलेले दाजींना दाखवले. दाजींना त्यातले ओ की ठो कळले नाही. तरी अर्धा तास शेजारी बसले होते.