एकादशी, घड्याळ आणि गडचिरोली



आषाढी एकादशी जवळ आली, की मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर साबुदाण्याची चौकशी सुरू होते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपण परदेशातही इमानाने जपली आहे. यंदा मात्र त्याच गटावर सोळा तासांच्या उपासाचीही चर्चा रंगली.

हा विषय आपल्याला नवा नाही. विदर्भाचे डॉ. श्रीकांत जिचकार व्याख्यानांतून इन्सुलिनचे गणित समजावत. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ते घरोघरी पोचवले. दिवसातून दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवायचे आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. आपण जेवणाचा नियम पाठ केला, चालण्याचा सोयीस्करपणे विसरलो.

नुसत्या घड्याळाने किती साधते? चीनमध्ये 139 स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेला अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांनीच कमी उष्मांक घेतले. त्यांतल्या एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाल्ले. त्या गटाचे वजन सरासरी 8 किलोने उतरले, दुसऱ्याचे 6.3 किलोने, आणि हा फरक निर्णायक ठरला नाही. म्हणजे वेळेचे बंधन कमी खायला मदत करते, एवढाच त्याचा गुण. शिवाय वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते टिकवायचे तर पुरेशी प्रथिने आणि वजने उचलण्यासारखा ताकदीचा व्यायाम हवाच.

इथे गडचिरोलीची आठवण होते. 1986 पासून तिथे 'सर्च' संस्था चालवणारे डॉ. अभय बंग यांना 1995 साली हृदयविकाराचा झटका आला. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात त्यांनी आहार, व्यायाम, योग आणि ध्यान यांच्या आधारे आयुष्य कसे बदलले, ते सांगितले आहे. त्यांनी एकाच उपायावर भिस्त ठेवली नाही.

त्याच जिल्ह्यातल्या 86 गावांचा 'सर्च'चा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. तिथे मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात निघाले. साधारण दर सात मृत्यूंमागे एक. मोहफुले वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी, धानाच्या बांधीत राबणारी ही माणसे. त्यांना चालायला कुणी सांगावे लागत नाही. पण वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू कष्टाचीही भीड ठेवत नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीकडे घरोघरी पोचलेला तंबाखूचा खर्रा पोट रिकामे ठेवून निष्प्रभ होत नाही. कंबर बारीक झाली म्हणजे प्रकृती सुधारली, असे मानून चालणार नाही.

म्हणून एकच विनंती. उपास जरूर करा, पण मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे; गरोदर स्त्रियांनी हा प्रयोग करू नये. आठवड्याला निदान 150 मिनिटे चाला, दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा आणि रक्तदाब तपासून घ्या. एकादशीच्या कार्यक्रमाला यंदा खिचडी असेलच. तिच्याआधी सगळ्यांनी मिळून तासभर चालायचे ठरले आहे. बूट घालून या.

आपला,
संपादक